४७ ला जित्तं ठेवायचं

खरं सांगायचं तर या सदरातले अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचत आले. चहा घेता घेता वाचायचे आणि नवऱ्याला म्हणायचे, बघ, यांच्या घरातलं वायरिंग खराब असणार. आमचं घर बीदरच्या मैलूर भागात. वडील शाळामास्तर होते. आम्ही बौद्ध. घरात बुद्धवंदना असते, पण अंगात येणं, उतारा टाकणं, लिंबू बांधणं यातलं काहीही आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलं नाही. कुणी भूत पाहिलं म्हणून सांगत आलं की बाबा शांतपणे विचारायचे — किती वाजता, उजेड किती होता, आणि जेवला होतास का? मी त्यांचीच मुलगी. त्यात शिकले कॉम्प्युटर. तेव्हा हे लिहायला मला दोन वर्षं का लागली ते समजून घ्या...

मी एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीसाठी काम करायचे. सीनियर लोक हैद्राबादला, आणि बीदर-कलबुर्गी भागातली कामं माझ्याकडे. बीदरजवळच्या कोळार इंडस्ट्रियल एरियात एक तूरडाळीची मिल आहे, नाव सांगत नाही. मालक विरुपाक्ष अप्पा. आळंदच्या बाजारातून तूर घ्यायची, इथं आणून भरडायची, निवडायची, गाड्या भरायच्या. त्यांच्याकडे आम्ही आमचं सॉफ्टवेअर बसवलं.

ते काय करतं ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. साध्या सॉफ्टवेअरला पायऱ्या सांगाव्या लागतात — आधी हे, मग ते. आमच्या सॉफ्टवेअरला पायऱ्या सांगायच्या नाहीत, काय साधायचं ते सांगायचं. गाडी चार वाजता भरून निघाली पाहिजे. डाळीत खडा नको. कुणीही सलग पाच तास एकाच जागी राहू नये. ही झाली उद्दिष्टं. मग कुणी कुठं, कधी, काय करायचं हे ते स्वतः ठरवतं आणि प्रत्येकाच्या मोबाइलवर काम पाठवतं. मशीन बंद पडलं, दोन बाया आल्या नाहीत, तरी ते अडून बसत नाही. एक रस्ता बंद झाला की दुसरा काढतं. आणि कुठल्याही कामापुढं एक बटण असायचं. ते दाबलं की हे काम कोणत्या उद्दिष्टासाठी दिलंय ते दिसायचं. मिलमधली माणसं त्याला 'कामून बटण' म्हणायची. कामून म्हणजे आमच्याकडे 'का'.

मिलचे सुपरवायझर शरणू अण्णा. पन्नाशीचे, हमालीतून वर आलेले, मालकाशी कन्नडमध्ये आणि आमच्याशी मराठीत बोलणारे. सॉफ्टवेअरला ते 'धाकटे मालक' म्हणायचे. सकाळी मोबाइल उघडून विचारायचे, "काय म्हणायलेत आज धाकटे मालक?" त्यांना शुगर होती. सव्वाबाराला जेवण चुकलं की हात थरथरायचे, त्यामुळे त्या वेळी ते कुणाच्या बापाचं ऐकायचे नाहीत.

संक्रांत झाल्यावर कमल कामाला लागली. वय तीस-बत्तीस असेल. आळंदकडच्या एका खेड्यातून नवऱ्याला सोडून आली होती आणि कोळारमध्येच भावाकडे राहायची. डाव्या जबड्याखाली जुना व्रण होता, हसली की तो ओढला जायचा. सिस्टिम नव्या माणसाला आपोआप पुढचा नंबर देते. तिला मिळाला सत्तेचाळीस. काम निवडायच्या पट्ट्यावर — पट्ट्यावरून डाळ सरकत राहते आणि दोन्ही बाजूंना बसलेल्या बाया खडे, काळे दाणे वेचतात.

दुसऱ्याच आठवड्यात तिचा नवरा आला. धूळप्पा. ऊसतोडीच्या टोळीतला माणूस, उंचापुरा. मी त्या दिवशी ऑफिसच्या खिडकीपाशी होते. कमल गेटबाहेर चहाला गेली होती. त्यानं काही विचारलं नाही, सांगितलं नाही. सरळ केस धरले आणि खडीवरून ओढत न्यायला लागला. ती ओरडली नाही, हेच मला आधी विचित्र वाटलं. दोन्ही हातांनी स्वतःचे केस मुळापाशी धरून ती नुसती सरकत होती... म्हणजे तिला सवय होती. मग त्यानं तिला सोडलं आणि पोटात लाथा घातल्या, तीन की चार. तोवर हमाल धावले. शरणू अण्णांनी त्याला खाली पाडलं, छातीवर बसले आणि तोंडावर इतकं मारलं की त्याचा दात पडला. उठून जाताना तो रक्त थुंकत म्हणाला, "हितंच तोडतो का न्हाई बघ."

भावानं पोलिसात जाऊ दिलं नाही. गावातले चार लोक बसवून मिटवू म्हणाला. आठ दिवसांनी त्याच भावाचं डोकं धूळप्पानं दगडानं फोडलं. मग मात्र तक्रार झाली, आणि धूळप्पा गायब झाला. शरणू अण्णांनी गेटवर वॉचमनला बजावलं की तो माणूस दिसला तर आधी गेट लावायचं, मग मला हाक मारायची.

इथून ते सुरू झालं.

एका सकाळी शरणू अण्णांचा फोन आला. सिस्टिम कमलला लाइनीवर, म्हणजे निवडायच्या पट्ट्यावर, बसूच देत नाही म्हणाले. रोज साडेअकरा-बाराच्या सुमाराला तिला दुसरीकडे पाठवतं. कधी वजनकाट्यावर, कधी वरच्या मजल्यावर पोती मोजायला. काल तर चक्क आळंदच्या गाडीत बसवून खरेदी केंद्रावर धाडलं, नमुने आणायला. निवडायला बाया आधीच कमी.

"अक्का, तुमचे हे धाकटे मालक त्या बाईच्या प्रेमात पडलेत का काय? बघा जरा येऊन."

मी गेले. तिच्या एका कामापुढचं कामून बटण दाबलं. कारणांची साखळी उघडत गेली आणि वर, सगळ्यात शेवटी, एक उद्दिष्ट दिसलं:

४७ ला जित्तं ठेवायचं.

मला आधी हसू आलं. कुणीतरी चेष्टा केलीय. मग नीट पाहिलं. आमची सगळी उद्दिष्टं इंग्रजीत होती आणि त्याखाली कन्नड भाषांतर. मराठीत एकही नव्हतं. हे एकटंच मराठीत, तेही आमच्या बोलीतल्या मराठीत. जित्तं म्हणजे जिवंत. कुणी भरलं त्या रकान्यात काहीच नाही. उद्दिष्ट भरायचा पासवर्ड तिघांकडे होता — मी, हैद्राबादचा माझा सीनियर आणि विरुपाक्ष अप्पा. सीनियर तेलुगू, त्याला मराठी येत नाही. अप्पा मोबाइलवर फक्त फोन घेतात. राहिले मी. मी ते लिहिलं नव्हतं.

मी ते खोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते परत होतं.

सीनियर म्हणाला जुन्या बॅकअपमधून येत असेल, आणि त्यानं तिकडून कायमचं काढून टाकलं. त्यानंतर ते दिसायचं बंद झालं खरं. पण कमल लाइनीवरून हलायची थांबली नाही. आता कारणं सरळसाधी असायची — पट्टा साफ करायचाय, ही पाच तास एकाच जागी आहे, वर माणूस कमी आहे. प्रत्येक कारण बरोबर. तुटलेलं असं कुठं काहीच सापडत नव्हतं. फक्त बारा ते एक ती लाइनीवर नसायची, आणि हे वेळेचं गणित तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मी एकेका कामाकडे बघत बसले होते.

फेब्रुवारीत मोठी ऑर्डर आली. शरणू अण्णा वैतागले, अप्पांनी मला बोलावून घेतलं. सगळ्या बाया लाइनीवर हव्यात असं त्यांचं म्हणणं, आणि ते चूक नव्हतं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये सोय असते — एखाद्या माणसाला एका जागी बांधून टाकायची. मग काहीही झालं तरी सिस्टिम त्याला हलवू शकत नाही. मी ४७ नंबर लाइन दोनला बांधला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

हे करत असताना कमल ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली. तिला कुणीतरी सांगितलं असावं.

"राहू द्या की मॅडम तसंच," ती म्हणाली. "वर असले की खिडकीतून रस्ता दिसतो. तो यायलाय का कळतं."

मी तिला समजावलं. गेटवर वॉचमन आहे, पोलीस त्याला शोधतायत, इथं चाळीस माणसं आहेत, एवढी भिऊ नकोस. तिनं मान हलवली आणि गेली. मी एंटर दाबलं. हे मला रोज आठवतं.

तिसऱ्या दिवशी मी रिपोर्ट घ्यायला मिलमध्ये होते. बाराच्या पुढे काटा गेला होता. लाइन दोनपाशी उभी राहून मी आठ बाया वेचताना बघत होते. कमल टोकाला, मागच्या दाराकडे पाठ करून. मशीनचा आवाज इतका की शेजारचं बोलणं ऐकू येत नाही.

मागचं दार म्हणजे भुशाचं दार. बारा ते एकच्या दरम्यान भुसा न्यायला ट्रॅक्टर येतो, तेवढा वेळ ते उघडं असतं. धूळप्पा त्या ट्रॅक्टरच्या मागून आत शिरला.

मी त्याला पाहिलं तेव्हा तो कमलपासून पंधरा पावलांवर असेल. अंगावर भुशाची धूळ, हातात ऊस तोडायचा कोयता, तो मांडीला लावून धरलेला. धावत नव्हता. चालत होता. मी ओरडले, पण तो आवाज माझा मलाच ऐकू आला नाही.

आणि त्याच वेळी शरणू अण्णा डावीकडून आले. कपाळावर आठ्या, हातात मोबाइल, काहीतरी पुटपुटत. ते कमलच्या मागे जाऊन उभे राहिले आणि वाकून पट्ट्याकडे बघायला लागले. त्यांनी धूळप्पाला पाहिलंच नाही. कोयता कमलच्या मानेसाठी उचलला होता. तो शरणू अण्णांच्या मानेच्या आणि खांद्याच्या मध्ये बसला.

एवढं रक्त मी कधी पाहिलं नव्हतं. पट्टा चालूच होता... पिवळी डाळ लाल होत पुढं सरकत होती आणि पलीकडच्या बाया अजून वेचत होत्या, कारण त्यांना कळलंच नव्हतं. शरणू अण्णा कमलच्या अंगावर कोसळले आणि ती त्यांच्याखाली दबली गेली. धूळप्पानं कोयता उपसला आणि तिला गाठायला म्हणून परत वार केला, तो अण्णांच्या पाठीत. पुन्हा केला, पुन्हा पाठीत. तिचा एक हात बाहेर होता, त्याच्यावर वार झाला आणि दोन बोटं गेली. मी हातातला लॅपटॉप त्याच्या तोंडावर मारला. तो माझ्याकडे वळला आणि त्याच्या वारानं माझा उजवा दंड कोपरापर्यंत उघडला. दुखलं नाही. फक्त हात माझा राहिला नाही असं वाटलं.

मग हमाल आले. पोती ओढायचे लोखंडी आकडे त्यांच्या हातात होतेच. पुढचं सांगत नाही. धूळप्पा जिवंत आहे, पण त्याला आता एका डोळ्यानं दिसत नाही आणि तो नीट चालू शकत नाही. केस चालू आहे.

शरणू अण्णा दवाखान्यात पोचायच्या आत गेले.

माझ्या दंडाला अठ्ठावीस टाके पडले. चौथ्या दिवशी पोलिसांनी मला बोलावलं, अण्णांचा मोबाइल उघडायला. त्यांना शेवटचे फोन कुणाचे ते हवं होतं. स्क्रीनवर वाळलेलं रक्त होतं, ते पुसून मी आमचं अॅप उघडलं. शेवटचं काम बारा वाजून चौदा मिनिटांनी आलं होतं: लाइन दोन, पट्टा तपासा, ४७ च्या मागे उभे राहून. मी डाव्या हातानं कामून बटण दाबलं. वर तेच होतं, जे आम्ही दोनदा काढून टाकलं होतं.

४७ ला जित्तं ठेवायचं.

आणि पुढं हिरवी खूण — पूर्ण. ही खूण काम करणाऱ्या माणसानं स्वतः दाबायची असते. वेळ पडली होती बारा वाजून एकोणतीस मिनिटं. तेव्हा अण्णा पट्ट्याखाली पडलेले होते आणि त्यांचा मोबाइल दूर, भुशात होता.

मी तिथंच खुर्चीत बसले. इन्स्पेक्टर पाणी देत होते, त्यांना वाटलं मला रक्त बघवलं नाही. माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. हे सॉफ्टवेअर एक रस्ता बंद झाला की दुसरा काढतं. तेच तर आम्ही लोकांना विकत होतो. कमलला हलवायचे सगळे रस्ते मी एक एंटर दाबून बंद केले होते. मग राहिलं काय? तिला हलवता येत नाही, तर दुसऱ्या कुणाला तरी मध्ये आणून उभं करायचं.

सीनियर स्वतः बीदरला आला. आम्ही दोघांनी आठवडाभर सगळं तपासलं. आपसात खूप भांडलो पण. त्याचं म्हणणं, याला कारण असणारच. भुशाचं दार बाराला उघडतं हे सिस्टिमला माहीत होतं, त्या वेळी मागं बसलेली माणसं धोक्यात असतात एवढं ते शिकलं असेल. ठीक आहे. पण मग बाकीच्या सात बाया का नाही? धूळप्पा नावाचा माणूस जगात आहे हे त्याला कुणी सांगितलं होतं?

शेवटी त्या उद्दिष्टाची नोंद कधी झाली ते सापडलं. ते पाहून सीनियर उठून बाहेर गेला आणि बराच वेळ आत आला नाही. ती नोंद आम्ही सिस्टिम बसवली त्याच दिवशीची होती, दिवाळीनंतरची. त्या दिवशी मिलमध्ये एकूण एकतीस कामगार होते. सत्तेचाळीस नंबर अस्तित्वातच नव्हता. आणि कमल तेव्हा धूळप्पाबरोबर टोळीवर ऊस तोडत होती, तिनं कोळार अजून पाहिलंही नव्हतं.

अप्पांनी सिस्टिम काढून टाकली. काढताना मला विचारलंसुद्धा नाही. त्या वर्षी मी नोकरी सोडली. आता एका कॉलेजमध्ये शिकवते.

बाबा अजून आहेत. त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी नेहमीचे प्रश्न विचारले, किती वाजता, उजेड किती होता. मी म्हटलं, दुपारचे साडेबारा, लख्ख उजेड. तिसरा प्रश्न त्यांनी विचारला नाही.

एक काम राहिलं होतं. शरणू अण्णांचं घर हुमनाबादच्या अलीकडे एका खेड्यात आहे. वर्षभर मी टाळलं, मग गेले. कमल म्हणाली मीपण येते. रिक्षा करून गेलो. घराजवळ पोचल्यावर मात्र तिच्यानं उतरवेना. ती रिक्षातच बसून राहिली, तोडलेल्या बोटांचा हात पदरात घेऊन.

अण्णांच्या बायकोला, वैनींना, मी सगळं सांगितलं. उद्दिष्टाचं, बारा वाजून चौदाला आलेल्या कामाचं, आणि त्या बाईला तिथं बांधून टाकणारी मीच होते हेही. त्यांना सॉफ्टवेअर कळलं नसेल, पण माझं म्हणणं काय आहे ते कळलं. त्या अंगणात वाळत घातलेल्या मिरच्यांवरून हात फिरवत होत्या.

"जेवन सोडून कामून गेले त्येवढं कळत नव्हतं," त्या म्हणाल्या. "सव्वाबाराला जेवल्याबिगर त्यो माणूस हलत नव्हता कधी."

त्यांनी चहा केला. जायला निघाले तेव्हा दारापर्यंत आल्या.

"ती जगली ते बरं झालं, अक्का. माझं काही न्हाई तिच्यावर. पर तिला हितं आणू नका. मला बघवणार न्हाई."

मी बरं म्हणाले. रिक्षा वीस पावलांवर उभी होती. मी जाऊन बसले, रिक्षावाल्याला लवकर चल म्हटलं. गाव मागं पडलं. मग कमलनं विचारलं, काय म्हणाल्या?

बरं झालं म्हणाल्या, तू जगलीस ते, मी सांगितलं.

ती बाहेर बघत राहिली. दोन्हीकडे तूर उभी होती. थोड्या वेळानं तिनं माझ्याकडे न बघता विचारलं, "मॅडम, ते कुनी लिव्हलं असंल माझ्यासाठी?"

मला माहीत नाही, म्हणाले. आज तुम्ही विचारलंत तरी तेच सांगेन.